अमेरिकेच्या जुन्या निवडणुकांची टोकन्स जमवायची असतील तर: पहिल्या खरेदीपासून पुढचं सगळं

इथे अमेरिकेत आपल्यातले खूप जण नाणी जमवतात. कोणाकडे शिवराया असतात, कोणाकडे ब्रिटिश इंडियाचे रुपये, आणि इकडच्या कॉइन शोला गेलो की बहुतेक सगळे थेट मॉर्गन डॉलरच्या, म्हणजे जुन्या चांदीच्या डॉलरच्या, टेबलाकडे वळतात. त्याच हॉलमध्ये एखाद्या कडेच्या टेबलावर पितळेची, तांब्याची, पांढऱ्या धातूची छोटी गोल टोकन्स असतात, डोक्याजवळ भोक पाडलेलं, एका बाजूला कोणातरी माणसाचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला घोषणा. ती एकोणिसाव्या शतकातल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचाराची. आपल्याकडे निवडणुकीत शर्टाला बिल्ले लावायचे ना, त्याचंच हे दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीचं रूप समजा. मला हा प्रकार मनापासून आवडतो, आणि मराठीत ह्यावर सलग काही वाचायला मिळत नाही म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. ही टोकन्स चकाकी बघून घ्यायची नसतात, वाचून घ्यायची असतात. त्या वर्षी भांडण कशावरून होतं, कोण कोणाला काय म्हणत होतं, हे माहीत असेल तर पंचवीस डॉलरचं झिजलेलं टोकनसुद्धा तासभर हातात धरून बसता येतं. माहीत नसेल तर महागडं टोकनसुद्धा नुसतं डब्यात पडून राहतं.

सगळ्यात आधी: नेमकं काय काय मिळतं

अँड्र्यू जॅक्सनच्या १८२४ आणि १८२८ च्या निवडणुकांपासून ही धातूची टोकन्स दिसायला लागतात, 'न्यू ऑर्लिन्सचा हिरो' वगैरे मजकूर असलेली, कारण १८१५ ची न्यू ऑर्लिन्सची लढाई हेच त्याचं सगळ्यात मोठं भांडवल. तिथून १८९६ पर्यंत धातूचंच राज्य. १८९६ मध्ये न्यू जर्सीतल्या न्यूअर्कच्या व्हाइटहेड अँड होग कंपनीने सेल्युलॉइडचं झाकण असलेल्या पिनवाल्या बटणाचं पेटंट घेतलं, रंगीत फोटो स्वस्तात छापून कोटाला लावता यायला लागला, आणि टोकनांची गरज संपत गेली. म्हणजे साधारण सत्तर वर्षांचा पट्टा झाला, आणि त्यात मुख्य प्रकार थोडेच आहेत.

पहिला प्रकार 'हार्ड टाइम्स टोकन', साधारण १८३२ ते १८४४. तांब्याची, त्या काळच्या मोठ्या सेंटच्या आकाराची, म्हणजे २८-२९ मिमी. ही प्रचारापुरती नव्हती, सुट्ट्या पैशांची टंचाई होती तेव्हा लोकांनी ती चक्क सेंट म्हणून वापरली. दुसरा प्रकार म्हणजे खास प्रचाराची मेडल्स, बहुतेक भोक पाडलेली, रिबिनीने कोटाला अडकवायची. तिसरा फेरोटाइप, म्हणजे पितळेच्या चौकटीत बसवलेला पातळ लोखंडी पत्र्यावरचा छोटासा फोटो, हे १८६० मध्ये जोरात आले. चौथा, सिव्हिल वॉरच्या काळातली छोटी टोकन्स, नवीन सेंटच्या मापाची म्हणजे १९ मिमी. शिवाय नंतरच्या निवडणुकांत पातळ पितळी पत्रा ठोकून केलेले शेल बिल्ले, कोटाच्या काजात बसवायचे स्टड, आणि शेवटी १८९६ चा 'ब्रायन मनी'. त्यावर खाली येतोच.

एक निवडणूक धरा, आणि नवखे असाल तर १८४० च धरा

प्रत्येक उमेदवाराचं एकेक घेऊ असं ठरवून सुरुवात करणारे खूप असतात. चालतं तसंही, पण माझं स्पष्ट मत आहे की सुरुवात एकाच निवडणुकीने करावी. त्यातले साचे ओळखीचे होतात, दर समजतात, आणि खोटा माल लगेच खटकायला लागतो.

१८४० का, तर टोकन्स भरपूर निघाली, अजूनही मिळतात, परवडतात, आणि गोष्ट फार रंगतदार आहे. एका बाजूला गादीवरचा राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरन, १८३७ च्या मंदीने बेजार झालेला. दुसऱ्या बाजूला व्हिग पक्षाचा विल्यम हेन्री हॅरिसन, वय सदुसष्ट. बाल्टिमोरच्या एका डेमोक्रॅट वर्तमानपत्राने हॅरिसनची टर उडवली की ह्याला हार्ड सायडरचं (सफरचंदाच्या दारूचं) एक पिंप आणि थोडी पेन्शन द्या, लाकडी खोपटात बसून राहील आपला. व्हिग मंडळींनी तीच टर उचलली आणि तिचाच प्रचार केला! आमचा माणूस खोपटातला, साधा, कष्टाळू लोकांचा, आणि व्हाइट हाउसमधला तो श्रीमंती थाटाचा. प्रत्यक्षात हॅरिसन व्हर्जिनियातल्या बड्या जमीनदार घराण्यात जन्मलेला, त्याच्या वडिलांची स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही आहे. पण खोपटं, सायडरचं पिंप आणि 'टिपेकॅनू अँड टायलर टू' ही घोषणा (टिपेकॅनू म्हणजे त्या लढाईचा हिरो हॅरिसन, टायलर त्याचा उपाध्यक्षपदाचा उमेदवार) घरोघर पोचली, हॅरिसन २३४ विरुद्ध ६० इलेक्टोरल मतांनी निवडून आला, आणि शपथ घेतल्यावर महिन्याभरात, ४ एप्रिल १८४१ ला, वारलासुद्धा.

आता ह्यातलं एखादं नेहमी मिळणारं टोकन हातात घ्या. पितळेचं, कडेला थोडं काळवंडलेलं. पुढच्या बाजूला लष्करी पोशाखातला हॅरिसन, गोलाकार नाव 'मेजर जनरल' हुद्द्यासकट, आणि काहींवर जन्मतारीख, ९ फेब्रुवारी १७७३. उलटं केलं की ओंडक्यांचं खोपट, त्याच्यावर झेंडा, शेजारी पिंप, आणि 'द पीपल्स चॉइस', 'द हिरो ऑफ टिपेकॅनू' असा मजकूर. टिपेकॅनूची लढाई नोव्हेंबर १८११ ची. भिंगातून खोपटाकडे नीट बघा, ओंडक्यांच्या रेघा किती, दार कुठे, झेंडा डावीकडे फडकतोय की उजवीकडे, झाड आहे का. प्रत्येक साच्यात हे थोडं थोडं वेगळं असतं आणि जाती ओळखायच्या त्या ह्यावरूनच. फक्त खोपटांची टोकन्स जमवायची म्हटलं तरी बरीच वर्षं पुरतील एवढा माल आहे.

दुसरा चांगला रस्ता: हार्ड टाइम्स

व्यंगचित्रं आवडत असतील तर इकडे वळा. जॅक्सनने १८३२ मध्ये बँक ऑफ द युनायटेड स्टेट्सच्या सनदेचं बिल व्हेटो केलं, पुढच्या वर्षी सरकारी ठेवी तिथून काढायला लावल्या, त्यावरून देश दुभंगला. त्या भांडणाचं एक टोकन आहे, माझं फार आवडतं. एका बाजूला तिजोरीतून कमरेपर्यंत वर आलेला जॅक्सन, एका हातात तलवार, दुसऱ्यात पैशाची थैली, आणि वर त्याचेच शब्द, 'आय टेक द रिस्पॉन्सिबिलिटी'. मागे एक गाढव उभं आहे आणि त्याच्या अंगावर 'एलएल.डी.' असं कोरलंय! कारण १८३३ मध्ये हार्वर्डने जॅक्सनला मानद डॉक्टर ऑफ लॉज दिली होती आणि विरोधकांना ते अजिबात पचलं नव्हतं. भोवती 'द कॉन्स्टिट्यूशन अ‍ॅज आय अंडरस्टँड इट', 'रोमन फर्मनेस' आणि खाली 'व्हेटो'. एवढ्याशा तांब्यावर सगळा खटला मांडलाय.

व्हॅन ब्युरन आल्यावरचं १८३७ चं टोकन बघा. पाठीवर तिजोरी घेऊन चाललेलं कासव, आणि मागे पुन्हा तेच गाढव, 'मी माझ्या थोर पूर्वसुरींच्या पावलावर पाऊल टाकतो' अशा अर्थाच्या इंग्रजी ओळीसकट. त्या वर्षी १० मे ला न्यूयॉर्कच्या बँकांनी कागदी नोटांच्या बदल्यात सोनंचांदी देणं थांबवलं, बाकीच्या बँका मागोमाग गेल्या, लोकांनी नाणी दडवून ठेवली, आणि अशा टोकनांना बाजारात खरी मागणी आली. काहींवर लिबर्टीचं डोकं असतं आणि मागे मोठ्या अक्षरांत 'नॉट वन सेंट', त्याच्याभोवती बारीक 'मिलियन्स फॉर डिफेन्स... फॉर ट्रिब्यूट'. लांबून बघणाऱ्याला सेंट वाटावा आणि खोटं नाणं पाडल्याचा आरोपही येऊ नये, अशी ती रचना. झिजलेली साधी हार्ड टाइम्स टोकन्स वीस-तीस डॉलरपासून मिळतात, म्हणून शिकायला फार सोयीची.

मधल्या निवडणुका

१८४४ चा हेन्री क्ले, १८४८ चा झॅकरी टेलर, ह्यांची मेडल्स भरपूर. टेलर मेक्सिकन युद्धातून आलेला, म्हणून त्याच्या टोकनांवर 'रफ अँड रेडी' आणि ब्युएना व्हिस्टाच्या लढाईतले डायलॉग सापडतात. १८५६ मध्ये रिपब्लिकन पक्षाचा पहिला उमेदवार फ्रेमाँट आणि समोर ब्युकॅनन. ब्युकॅननच्या नावाचं चित्रकोडं केलेलं टोकन आहे, उडी मारणारं हरिण म्हणजे 'बक' आणि खाली तोफ म्हणजे 'कॅनन'. मिळालं तर सोडू नका.

१८६० मात्र वेगळीच गोष्ट. चार उमेदवार, लिंकन, डग्लस, ब्रेकिनरिज, बेल, आणि फेरोटाइपमुळे पहिल्यांदाच सामान्य मतदाराच्या कोटावर उमेदवाराचा खरा फोटो आला. एका बाजूला राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार, मागे उपाध्यक्षपदाचा. लिंकनच्या धातूच्या टोकनांवर लाकडं फोडणारा 'रेल स्प्लिटर' दिसतो. लिंकन म्हटलं की किंमत चढतेच, चांगले मोठे फेरोटाइप हजारो डॉलरला जातात. म्हणून माझा सल्ला असा की १८६० चं काहीतरी हवंच असेल तर बेल किंवा डग्लसचं साधं टोकन बघा. हरलेल्या माणसांकडे गर्दी कमी असते आणि त्यांच्याशिवाय ती निवडणूक कळतही नाही.

१८६४ मध्ये लिंकनविरुद्ध मॅक्लेलन. ह्या काळातली १९ मिमीची टोकन्स सिव्हिल वॉर टोकन्समध्ये मिसळलेली असतात, त्यामुळे ती दोन्हीकडच्या कॅटलॉगांत सापडतात. त्याच वर्षी एप्रिल आणि जूनमध्ये खासगी नाणी बंद करणारे कायदे झाले आणि तो पूर आटला.

पुढच्या ग्रँट, हेस, गारफिल्ड, क्लीव्हलँड वगैरेंवर मी इथे थांबत नाही, स्वस्त आहेत, सुंदर आहेत, पण मजकूर जरा ठरावीक होत जातो. गारफिल्डची 'कॅनॉल बॉय' वाली मात्र बघा, लहानपणी कालव्यावरच्या बोटींवर काम करणारा मुलगा राष्ट्राध्यक्ष, अशी गोष्ट सांगणारी.

आणि मग १८९६. डेमोक्रॅट उमेदवार ब्रायन म्हणतो चांदीची नाणी अमर्याद पाडा, सोन्याशी १६ ला १ ह्या प्रमाणात. रिपब्लिकन मॅकिन्ली सोन्याच्या बाजूचा. तेव्हा चांदीच्या डॉलरमध्ये चांदी असायची साधारण ५३ सेंटची. मग मॅकिन्लीवाल्यांनी प्रचंड मोठे, तळहाताएवढे नकली 'डॉलर' पाडले (हाच तो 'ब्रायन मनी'), खऱ्या किमतीची चांदी घालायची तर नाणं एवढं मोठं होईल हे दाखवायला, आणि काहींवर लिहिलं की 'इन गॉड वी ट्रस्ट, उरलेल्या ४७ सेंटसाठी'. गोरहॅम आणि टिफनीसारख्या चांदीवाल्यांनी तर अस्सल चांदीचे केले. गोरहॅमच्या एका नगावर तर चक्क हिशोबच छापलाय, १६ सप्टेंबर १८९६ च्या भावाने सोन्याच्या एका डॉलरएवढी चांदी म्हणजे ८२३ ग्रेन. ज्यांना अर्थकारण आवडतं त्यांच्यासाठी ह्याच्यासारखा विषय नाही.

कॅटलॉग आधी, टोकन नंतर

ह्या छंदाची भाषा म्हणजे 'डिविट नंबर'. डॉयल डिविट नावाच्या संग्राहकाने १९५९ मध्ये १७८९ ते १८८९ पर्यंतच्या सगळ्या मालाची यादी छापली आणि नंबर देण्याची पद्धत पाडली. उमेदवाराची आद्याक्षरं, मग वर्ष, मग क्रमांक. म्हणजे 'डब्ल्यूएचएच १८४०' म्हटलं की हॅरिसन, 'एएल १८६०' म्हटलं की लिंकन. एडमंड सलिव्हनने १९८१ मध्ये ती यादी सुधारून १८९२ पर्यंत आणली. लिलावात, डीलरकडे, ग्रेडिंगच्या (नगाचा खरेपणा आणि दर्जा तपासून देणाऱ्या कंपन्यांच्या) लेबलवर हाच नंबर असतो. हार्ड टाइम्सना मात्र 'लो' नंबर आणि 'एचटी' नंबर चालतात, सिव्हिल वॉरच्या टोकनांना फुल्ड नंबर. सलिव्हनची जुनी प्रत घेऊनच टाका.

फुकटात अभ्यास करायचा असेल तर सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीचं न्यूमन न्यूमिस्मॅटिक पोर्टल आहे, जुने लिलाव कॅटलॉग तिथे स्कॅन करून ठेवलेत. कॉर्नेल युनिव्हर्सिटीकडे सुसान डग्लस पोलिटिकल अमेरिकाना कलेक्शन आहे, फोटो ऑनलाइन बघता येतात. आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या जुन्या वर्तमानपत्रांच्या संग्रहात टोकनवरची घोषणा टाकून शोधा, ते वर्ष निवडा, मग बघा काय काय निघतं! टोकनवरची ओळ त्या आठवड्याच्या पेपरात सापडली की मजा काही औरच, आणि नगाची खरी तारीख ठरवायलाही मदत होते.

सामान किती लागतं

फार नाही. दहापट मोठं दाखवणारं चांगलं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा, डिजिटल कॅलिपर (प्लॅस्टिकच्या जबड्याचा, धातूवर ओरखडा येऊ नये म्हणून) आणि एक छोटं लोहचुंबक. वळवता येणारा टेबललॅम्प असेल तर उत्तम, कारण टोकन वरून नाही, कडेने उजेड पाडून बघायचं असतं, झीज, ओरखडे, घासलेला भाग सगळं तेव्हाच दिसतं.

खरं की खोटं

इथे घाई करू नका. सगळ्यात जास्त खोटा माल ओतीव असतो, म्हणजे खऱ्या टोकनवरून साचा काढून धातू ओतलेला. खरी टोकन्स डाय (कोरलेला ठसा) ठोकून पाडलेली, त्यामुळे अक्षरांच्या कडा धारदार, मोकळी जागा सपाट. ओतीव नगाची अक्षरं गुळगुळीत आणि फुगलेली, पृष्ठभागावर बारीक छिद्रं, कडेवर सांध्याची रेघ किंवा ती घासून काढल्याच्या खुणा. धातू थंड होताना आकसतो, म्हणून व्यास खऱ्यापेक्षा थोडा कमी भरतो. वजन आणि माप कॅटलॉगशी किंवा खात्रीच्या लिलावातल्या नोंदीशी ताडून बघायचं ते ह्यासाठी.

फेरोटाइपला चुंबक लावा. फोटोचा पत्रा लोखंडी असतो, त्यामुळे चुंबक ओढतो. नाही ओढला तर आत कागदी फोटो किंवा दुसरं काहीतरी असण्याची शक्यता धरा. चौकट पितळी, ती ओढणार नाही, म्हणून चुंबक फोटोच्या मधोमध न्यायचा, आणि हो, स्पर्श न करता, नुसता जवळ.

धातूवरून काळ कळतो. अल्युमिनियम १८८६ नंतर स्वस्त झालं. १८४० चं म्हणून कोणी अल्युमिनियमचं हॅरिसन दाखवलं तर सरळ पुढे चला.

चेहऱ्यावरूनही कळतं. लिंकनने दाढी राखली ती १८६० च्या निवडणुकीनंतर. ग्रेस बेडेल नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीने ऑक्टोबर १८६० मध्ये त्याला पत्र लिहून दाढी राखा म्हणून सांगितलं होतं, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. म्हणजे १८६० च्या प्रचाराचं म्हणून दाढीवाला लिंकन विकत असतील तर तारखेची नीट चौकशी करा. तसंच 'जॉन्सन' नावाला फसू नका, १८६० मध्ये डग्लसबरोबर हर्शेल जॉन्सन होता आणि १८६४ मध्ये लिंकनबरोबर अँड्र्यू जॉन्सन, माणसं वेगळी, पक्ष वेगळे, किमतीही वेगळ्या.

मग अस्सल असूनही प्रचाराची नसलेली टोकन्स. लिंकनच्या खुनानंतर, म्हणजे एप्रिल १८६५ नंतर, शोकाची मेडल्स निघाली, आणि १९०९ मध्ये जन्मशताब्दीला तर ढिगाने. सुंदर आहेत, घ्यायला काहीच हरकत नाही, पण 'कॅम्पेन' म्हणून चढ्या भावाने घेऊ नका. जन्म आणि मृत्यू दोन्ही तारखा असतील तर प्रश्नच मिटला.

अजून एक बारकावा आहे जो नवख्यांना कोणी सांगत नाही. १८६० च्या दशकातच टोकन जमवणारे लोक होते, आणि डायवाले त्यांच्यासाठी मुद्दाम वेगवेगळ्या डायच्या जोड्या लावून, कधी तांब्यात, कधी चांदीत, मोजके नग पाडून विकायचे. ते नग त्याच काळातले आणि दुर्मिळ आहेत, पण मतदाराच्या कोटावर कधीच नव्हते. मला स्वतःला वापरलेला नग जास्त प्रिय, तुमचं तुम्ही ठरवा, फक्त काय घेतोय ते माहीत असू द्या.

कायद्याचा आधारही आहे. १९७३ च्या हॉबी प्रोटेक्शन अ‍ॅक्टप्रमाणे राजकीय वस्तूंच्या नकलेवर ती बनवल्याचं वर्ष आणि नकली नाण्यांवर 'कॉपी' हा शब्द असावा लागतो. त्यामुळे कुठे एखाद्या जागी धातू घासून सपाट केल्यासारखा वाटला तर तिथे ते वर्ष किंवा तो शब्द होता का ह्याची शंका घ्या. १९७३ च्या आधीच्या नकलांवर मात्र काही लिहिलेलं असेलच असं नाही.

भोक, धातू, ग्रेड

नाणीवाल्यांना भोक दिसलं की नग टाकाऊ वाटतो. इथे तसं नाही. भोक बनवतानाच पाडायचे, घालायचंच होतं ते! डोक्याच्या बरोब्बर वर, बाराच्या ठिकाणी, असलेलं भोक म्हणजे त्या काळातलं. भिंगाने त्याची वरची कड बघा, दोरी किंवा रिबिनीने ती थोडी गुळगुळीत होऊन ओढल्यासारखी दिसते, कोणीतरी ते खरंच मिरवलंय. चेहऱ्यातून किंवा अक्षरांतून वेडंवाकडं भोक असेल तर नंतर कोणीतरी पाडलंय, त्याची किंमत पडते. आणि भोक बुजवून नग 'पूर्ण' केलेला असेल तर तो मला सगळ्यात वाईट वाटतो. बुजवलेल्या जागी रंगात फरक, अक्षर अर्धवट, उजेडात एक पुसटशी गोल रेघ, असं काहीतरी सापडतंच.

एकच डिझाइन पितळ, तांबं, व्हाइट मेटल, कधी चांदी, अशा अनेक धातूंत असतं आणि त्याप्रमाणे नंबर आणि किंमत बदलते. पितळेवर चांदीचा हलका मुलामा दिलेले नगही असतात, कडेला किंवा नाकावर पिवळं डोकावतं का बघा, नाहीतर मुलाम्यासाठी चांदीचे पैसे मोजाल. व्हाइट मेटल मऊ असतं, त्यावर ठोके-खरचटे असणारच, ते मनाला लावून घेऊ नका.

एनजीसी, पीसीजीएस हे ग्रेडिंगवाले ही टोकन्स पेटीत बंद करून देतात. महागड्या नगाला, खास करून लिंकनच्या, ते करून घेतलेलं बरं. तीस-चाळीस डॉलरच्या नगाला ग्रेडिंगचाच खर्च जास्त होईल.

कुठे घ्यायचं आणि कसं

पहिली काही टोकन्स समोरासमोर घ्या. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनचं दरवर्षीचं मोठं प्रदर्शन, बाल्टिमोरचा शो, किंवा तुमच्या गावातला रविवारचा छोटा शो, कुठेही. 'अमेरिकन पोलिटिकल' अशी पाटी असलेल्या डीलरकडे बसा, ट्रे मागा, कड धरून नग बघा, विचारा. ही मंडळी बोलायला फार आनंदी असतात, कारण विचारणारेच कमी. राजकीय वस्तू जमवणाऱ्यांची एपिक (अमेरिकन पोलिटिकल आयटम्स कलेक्टर्स) नावाची संस्था १९४५ पासून आहे, टोकनवाल्यांची टॅम्स (टोकन अँड मेडल सोसायटी) १९६० पासून, दोन्हींची वर्गणी वसूल होते ती नुसत्या ओळखींतून.

ऑनलाइन लिलावात हेरिटेज, स्टॅक्स बावर्स, हेक्स ही मोठी नावं. बोली लावताना प्रीमियम, म्हणजे बोलीवर लिलाववाले घेतात ती जादा रक्कम, विसरू नका, तो २० टक्के असेल तर १०० डॉलरची बोली १२० ची होते, वर टपाल आणि टॅक्स. मी जास्तीत जास्त आकडा आधी कागदावर लिहून ठेवतो, सगळं धरून, आणि तिथे थांबतो. ईबेवर घेत असाल तर विक्रेत्याकडे दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो मागा, वजन आणि व्यास मागा. देत नसेल तर नग कितीही आवडला असला तरी सोडून द्या, ही टोकन्स फिरून बाजारात येतात. आणि भाव बघायचा तर 'सोल्ड' मधला, मागितलेला नव्हे.

सांभाळणं

घासू नका. पितांबरी नाही, चिंच नाही, लिंबू नाही, टूथपेस्ट नाही, चांदीचं डिप (चांदी उजळवायचं द्रव) तर मुळीच नाही. तो काळपट थर म्हणजेच नगाचं वय, एकदा गेला की परत येत नाही आणि किंमत निम्म्यावर येते. चिकट किंवा हिरवट लिबलिबीत काही असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये थोडा वेळ ठेवून, न चोळता सुकवता येतं, खिडकी उघडी ठेवून आणि आगीपासून लांब. पण फेरोटाइपला पाणी, अ‍ॅसिटोन, काही म्हणजे काहीच लावायचं नाही, आणि व्हल्कनाइट म्हणजे कडक रबराच्या टोकनांनाही नाही.

ठेवायला मायलरच्या (पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या) पिशव्या किंवा मायलर खिडकीचे पुठ्ठ्याचे होल्डर घ्या. मऊ, वास येणारं प्लॅस्टिक म्हणजे पीव्हीसी, तेच तो हिरवा चिकटपणा आणतं. मुंबई, कोकण, गोवा अशा दमट हवेत ठेवणार असाल तर हवाबंद डब्यात सिलिका जेल टाका आणि पावसाळ्यात ती पुडी बदलत राहा. लाकडी कपाटाच्या खणात उघडी ठेवू नका, लाकडातून सुटणाऱ्या वाफांनी धातू खराब होतो.

नोंद, आणि भारतात नेण्याबद्दल

पहिल्या नगापासून एक शीट करा. डिविट नंबर, धातू, मिमी, ग्रॅम, भोक आहे की नाही, कोणाकडून, कधी, कितीला, आणि जुनं लेबल किंवा पाकीट असेल तर त्याचा फोटो. जुन्या संग्राहकांनी हाताने लिहिलेली छोटी पाकिटं कधीच फेकू नका, नग कोणाकोणाच्या हातून आला त्याचा तो पुरावा असतो. एक रकाना 'गोष्ट' म्हणून ठेवा, त्यात त्या टोकनमागचं भांडण दोन ओळींत लिहा. मुलांना दाखवायला, आणि उद्या विकायची वेळ आली तर लॉटचं वर्णन करायला, तोच रकाना कामी येतो.

कायमचे भारतात परत जाणार असाल तर कलेक्शन नेण्याआधी दोन गोष्टी करा. एक, खरेदीच्या सगळ्या पावत्या आणि फोटो बरोबर ठेवा, कस्टम्सला दाखवायला. दुसरं, भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची नाणी आणि वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. ही टोकन्स परदेशी असली तरी वयाने त्यात बसतात. म्हणून एकदा भारतात नेलेलं कलेक्शन पुढे अमेरिकेतल्या लिलावात पाठवायचा विचार असेल तर त्याबद्दल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून निघण्याआधीच लेखी विचारून घ्या, आणि जे नग पुढेमागे विकायचेच आहेत ते इथेच विकून जा.